समोरच्या मेडिकलविरुद्ध एक अर्ज

पुंडलिकनगरात माझं मेडिकल आधी होतं, हे मी पहिल्यांदाच सांगून ठेवतो. समोरचं नंतर आलं. आठ वर्षं त्या रस्त्यावर कुणाला तापाची गोळी हवी असली तर माझ्याच काउंटरवर यावं लागायचं, आणि ते माझ्या गुणांमुळे होतंय अशी माझी ठाम समजूत होती. मग समोरच्या रिकाम्या प्लॉटवर चार मजली इमारत उभी राहिली, खाली गाळे निघाले, आणि एका सकाळी त्यातल्या एका गाळ्यावर मेडिकलची पाटी चढली. स्टुलावर उभी राहून दुकानाची मालकीण स्वतःच पाटी पुसत होती. मला बघून तिनं तिथूनच हात केला.

"दादा, आता शेजारी झालो बघा!"

डी.फार्मला आम्ही एका वर्गात होतो. एक वर्ष नापास होऊन मी तिच्या वर्गात आलो होतो, म्हणून सगळा वर्ग मला दादा म्हणायचा. तिचं गाव दौलताबादच्या अलीकडचं, आमच्या गावाला लागून. तिच्या वडिलांची मेंढरं उन्हाळ्यात आमच्या शेतात बसायला यायची, रानाला खत होतं म्हणून. माझी आई त्यांना पायलीभर ज्वारी द्यायची. त्या घरातली पोर शिकली, एका मोठ्या दवाखान्याच्या औषध विभागात काही वर्षं राहिली आणि आता माझ्या तोंडासमोर दुकान टाकून बसली. मी तोंडानं अभिनंदन केलं. पोटात तेव्हापासूनच दुखायला लागलं होतं.

ती वर्षं दुष्काळाची होती. गल्लीत टँकर यायचा तेव्हा बायका दुकानासमोर घागरींची रांग लावायच्या. खेड्यांतली माणसं बांधकामावर काम मिळतं म्हणून शहरात आली होती, आणि शहर बांधकामांनी चहूकडून वाढत होतं. कमी पाणी प्यायल्यानं कुणाला मुतखडा, टाकीचं पाणी प्यायल्यानं कुणाला जुलाब. ही माणसं माझ्याकडे यायची तेव्हा मी विचारायचो, "चिठ्ठी आहे का?" कायद्यानं बरोबरच होतं ते. तीही चिठ्ठी मागायची, पण आधी विचारायची, "कवापासून व्हतंय बाबा? पाणी लई कमी पिता का?" आणि डॉक्टरकडं जा म्हणून सांगताना दवाखान्याची वाट समजावून द्यायची. ती भाषा मलाही येत होती. शहरात आल्यावर मी ती मेहनतीनं घालवली होती.

कॉलनीतल्या बायका तर पहिल्याच महिन्यात तिकडे गेल्या. आठ वर्षं माझ्यापुढे खाली मान घालून काळ्या पिशवीतून सामान नेणाऱ्या बायका तिच्या काउंटरला टेकून हसत गप्पा मारायच्या. मी काचेच्या बरणीमागून बघायचो. कोण गेलं, किती वेळ थांबलं, काय हातात घेऊन निघालं. माझी बायको म्हणायची, "तुमचं दुकान इथं आहे, ध्यान मात्र तिकडं. दुर्बीण आणून देऊ का?"

तिच्या पांढऱ्या एप्रनचाही मला राग यायचा. नियमानं फार्मासिस्टनं एप्रन घालायचा असतो. माझा मागच्या खिळ्याला लटकलेला असायचा. दुपारी वीज गेली की ती कोपऱ्यावरच्या रसवंतीतून स्टीलच्या डब्यात बर्फ आणायची आणि फ्रिजमधली इंजेक्शनं थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर ठेवायची. आम्ही बाकीचे फ्रिजचं दार बंद ठेवून देवावर हवाला टाकत होतो. तिला बर्फाचा डबा घेऊन उन्हातून घाईघाईनं जाताना बघून मला वाटायचं, फ्रिज बिघडलाय बाईचा. बरं वाटायचं तेवढ्यापुरतं.

मग एके दिवशी गुरुजी तिच्या दुकानातून बाहेर पडताना दिसले. गुरुजी म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले निवृत्त शिक्षक, साखरेचा आजार. पहिल्या दिवसापासून त्यांचं इन्सुलिन माझ्याकडून जायचं. मुलगा पुण्याला, घरी एकटेच. इंजेक्शन घ्यायला यायचे आणि अर्धा तास बसायचे. मी त्यांना खुर्ची द्यायचो, चहा सांगायचो. त्या दिवशी त्यांच्या हातात बर्फ घातलेली छोटी पिशवी होती. माझ्याकडे बघून ते ओळखीचं हसले आणि निघून गेले. बाकी अख्खी कॉलनी गेली तरी मी गिळलं असतं, पण गुरुजी गेले ते मला सहन झालं नाही.

त्या आठवड्यात मी औषध खात्याला निनावी अर्ज लिहिला. अक्षर कळू नये म्हणून डाव्या हातानं लिहिला. त्याला दोन दिवस लागले. तीन मुद्दे होते. एक, हे दुकान चिठ्ठीशिवाय औषधं देतं. दोन, फार्मासिस्ट दुकानात हजर नसतो. तीन, फ्रिज नीट नाही, दुपारी रसवंतीतून बर्फ आणून इंजेक्शनं कशीतरी ठेवली जातात. खाली 'एक जागरूक नागरिक'. यातला दुसरा मुद्दा तर सरळ माझाच होता. आठवड्यातून दोन दिवस मी सकाळीच औरंगपुऱ्यात होलसेलवाल्यांकडे माल आणायला जायचो आणि दुकानावर बायको बसायची. बायको बी.ए. मराठी.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. तपासणीचे साहेब एखाद्या भागात आले की पहिल्या दुकानातून दुसऱ्याला फोन जातो, दुसऱ्यातून तिसऱ्याला, आणि पाच मिनिटांत रस्ताभर मेडिकलची शटरं खाली येतात. कुणी लग्नाला गेलेलं असतं, कुणाची आजी आजारी पडते. साहेबांनाही हे ठाऊक असतं.

महिन्याच्या मध्यावर, सकाळी अकराच्या सुमाराला, साहेब तिच्या दुकानात शिरताना मी पाहिले. हातात फाइल होती. मी बरणी बाजूला सरकवली आणि नीट बसलो. दहाएक मिनिटांनी माझा फोन वाजला. तिचाच होता. हळू आवाजात म्हणाली, "दादा, साहेब आलेत माझ्याकडं. पाणी आणते म्हणून आत आलेय. शटर ओढून घ्या लगेच."

मी बरं म्हणालो आणि रीतीप्रमाणे पुढच्या दुकानाला फोन लावला. रस्त्यावरची बाकीची शटरं एकामागून एक धडाधड खाली आली. मी ओढलं नाही. मला बघायचं होतं. साहेबांना मीच बोलावलं होतं, आता तमाशा सोडून घरी कशाला जाऊ? शिवाय ते तिच्यासाठी आले होते, माझ्यासाठी नाही, असं मला खरोखर वाटत होतं. इतका शहाणा मी.

समोर साहेब फ्रिजपाशी उभे होते. तिनं एक वही काढून दिली. फ्रिजच्या तापमानाची वही, रोज दोनदा आकडा लिहायचा असतो ती; आठ डिग्रीच्या वर जाता कामा नये. साहेब पानं उलटत राहिले, मग खुर्ची ओढून बसले आणि वाचायलाच लागले. नंतर मला कळलं त्यात काय होतं. 'दुपारी तीन ते सहा लाइट नाही. नऊ डिग्री झालं. इंजेक्शनं बर्फात ठेवली. सात वाजता पाच डिग्री.' पानभर असंच, खाडाखोडीसकट. साहेबांनी तिच्याकडे मान वर करून पाहिलं आणि काहीतरी बोलले. ती हसली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी लावलेल्या आगीवर ही बाई पोळी भाजून घेत होती.

तेवढ्यात साहेब उठले, दारात आले, रस्त्यावर नजर टाकली. तिचं सोडलं तर सगळ्या रस्त्यावर एकच दुकान उघडं होतं. ते सरळ माझ्याकडे आले.

"फ्रिजचं रजिस्टर दाखवा."

अर्जात फ्रिजचं मीच लिहिलं होतं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात त्या दिवशी फ्रिजच होता. मी वही दिली. आमची पद्धत अशी की एक तारखेला चहा पीत पीत अख्खा महिना भरून टाकायचा. चार, चार, चार, मधूनच एखादा पाच, म्हणजे खरं वाटतं. साहेबांनी महिन्याचं पान उघडलं. बोट खाली खाली नेलं आणि शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"आज पंधरा तारीख. एकतीस तारखेला संध्याकाळी तुमच्या फ्रिजमध्ये चार डिग्री असणार, हे तुम्हाला आजच माहीत आहे?"

त्यांनी फ्रिज उघडला. आत इंजेक्शनांच्या शेजारी बायकोनं दह्याचं भांडं ठेवलं होतं. पंचनामा करायचा तर साक्षीदार हवा, आणि तिच्याखेरीज उघडं दुकान दुसरं नव्हतंच. साहेबांनी तिला हाक मारली. ती एप्रनमध्येच रस्ता ओलांडून आली. वहीत बघितलं, दही बघितलं, माझ्याकडे बघितलं नाही.

"तुम्ही समोरच असता," साहेब तिला म्हणाले. "हे स्वतः दुकानात बसतात का? का दुसरं कुणी चालवतं?"

आता सगळं त्या उत्तरावर होतं. वहीसाठी परवाना काही दिवस बंद झाला असता. फार्मासिस्टशिवाय दुकान चालतं असं कागदावर आलं असतं, तर परवाना रद्द. मी, बायको, दोन मुलं, सगळे घरी. आणि तिनं तर आठवड्यातले दोन दिवस माझ्या बायकोला काउंटरवर डोळ्यांनी पाहिलं होतं.

"व्हय साहेब," ती म्हणाली. "दादा रोज बसतात."

आणि खाली सही केली.

नोटीस आली, उत्तर दिलं, शेवटी परवाना पंधरा दिवस निलंबित झाला. ते पंधरा दिवस मी घराच्या गच्चीवर टाकीत किती पाणी उरलं ते बघत काढले. सोळाव्या दिवशी दुकान उघडलं तेव्हा पहिले आले ते गुरुजी.

"ताईंनी पाठवलं," ते खुर्चीत बसत म्हणाले. "म्हणाल्या, दादांचं उघडलंय, आता तिकडंच जात जा."

मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांना इन्सुलिन दिलं, चहा सांगितला, आणि मनातून जळत राहिलो. माझं माणूस मला तिनं परत दिलं होतं.

दुपारी गर्दी नव्हती तेव्हा मी रस्ता ओलांडून गेलो. आभार मानायचे, मग जमलं तर अर्जाचं सांगायचं, असं ठरवलं होतं. आभार मानले. "तू खोटं का बोललीस?" असंही विचारलं.

"वहिनी कुणाला चुकीचं औषध देत नव्हत्या. समजलं नाय तर मला फोन करून विचारायच्या."

हे मला माहीतच नव्हतं. मी काउंटरच्या काचेकडे बघत म्हणालो, "तो अर्ज... कुणी केला असेल गं?"

ती गोळ्यांच्या पट्ट्या लावत होती. हात थांबले नाहीत.

"साहेबांनी आल्याआल्या वाचायला दिला होता मला. समोरून जेवढं दिसतं तेवढंच होतं त्यात." एक पट्टी खणात ठेवून ती म्हणाली, "वाचला, अन् मगच तुम्हाला फोन केला, दादा."

एक बाई खोकल्याचं औषध मागायला आली म्हणून बाजूला झालो. खरं सांगायचं तर त्या क्षणीसुद्धा मला आधी तिचा हेवाच वाटला, की असं वागता येतं हिला. लाज वाटायला मला परत रस्ता ओलांडून माझ्या दुकानात येऊन बसावं लागलं.