गाळायची राहिलेली बाटली

उचगावच्या सयाजीला कुणी दारुडा म्हटलं तर तो हातघाईवर येईल. जन्मभर फौंड्रीत राबला, पण पिऊन घरात कधी आवाज चढवला नाही. त्याचा नादच वेगळा. साधी व्होडका आणायची आणि तिच्यात कधी लवंगी मिरची, कधी लसूण, कधी भाजलेलं जिरं घालून ठेवायचं. रविवारी मटणाच्या आधी आलेल्या पावण्याला घोटभर पाजायचं आणि त्याचं तोंड बघत बसायचं. गाळायच्या बाबतीत मात्र गडी लई कडक. मिरचीचा रंग उतरला की लगेच बाहेर, लसूण त्याच्याही आधी. "ही काय लोणचं हाय व्हय मुरत ठेवायला? कडू जहर हुतीया," असं ज्याला त्याला सुनवायचा.

बायको तानाबाई नाक मुरडायची. तिच्या चटणीतली चिमूटभरसुद्धा त्या बाटल्यांना लागू द्यायची नाही. तिची चटणी म्हणजे कांदा-लसूण चटणी, घरातला रस्सा वर्षभर तिच्यावर चालायचा. उन्हाळ्यात मिरच्या वाळवून, मसाला भाजून ती स्वतः डंकावर जायची आणि कुटणाऱ्याचं डोकं खायची. धणे किती, खोबरं किती, ते तिच्या हातालाच ठाऊक. सून संयोगिता विचारायची, तर म्हणायची, "बघत ऱ्हा, येतंय आपोआप." बघून काय येतंय डोंबल! तानाबाई गेली, आणि ते सगळं तिच्याबरोबरच गेलं.

ती गेली तेव्हा एकुलता एक राजवीर मस्कतला नोकरीवर होता. तिकिटाची जुळणी होईपर्यंत इकडं माती उरकली. फोनवर पोरगं रडत एवढंच म्हणालं, "वर्षश्राद्धाला येतोय. आईच्या चटणीचा रस्सा एकदा खायचाय. तेवढी ठेवा." संयोगितानं बरणीच्या तळाची चटणी झाकून फडताळात ठेवली आणि रोजच्याला दुकानातली आणली.

पावसाळ्यात सयाजीनं सहज बरणी उघडली, तर वास उतरलेला, कडेला ओल धरलेली. पोरगं येईपर्यंत बुरशी आली म्हणजे? त्याला एकच इलाज ठाऊक होता. दारूत काही नासत नाही, आणि वास तर ती धरूनच ठेवते. त्यानं होती नव्हती ती सगळी चटणी व्होडकाच्या बाटलीत ओतली. दुसऱ्या दिवशी थेंबभर जिभेवर घेतलं. तानी! भाजलेल्या खोबऱ्यासकट अगदी तीच!

"मग गाळा की आता, मामा," संयोगिता म्हणाली. "तुम्हीच सांगत असता न्हवं?"

सयाजीनं पातेलं घेतलं, वर फडकं धरलं. बाटली वाकडी केली आणि परत सरळ केली. फडक्यात राहील त्याचं काय करायचं? तिच्या हातचं शेवटचं, ते उकिरड्यावर टाकायचं? "ऱ्हाऊ दे गं तिला आत," तो म्हणाला. उद्या गाळू, परवा गाळू करत दिवाळी येऊन गेली. पुन्हा चाखायचाही त्याला धीर होईना, चाखलं तेवढं कमीच होणार.

राजवीर आला, वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी संयोगितानं मटण शिजवून ठेवलं, रस्स्याला बाटलीतलं घालायचं म्हणून. सयाजीला कुठला दम! त्यानं आधी लेकाच्या पेल्यात घोटभर ओतलं. "घे. तुझी आई हाय."

राजवीरनं घोट घेतला. पेल्यातच बघत म्हणाला, "व्हय आबा. आईचीच चटणी."

सयाजी हरखला आणि त्यानं स्वतःही घोट घेतला. कडू. घसा ओरबाडणारं, कडुलिंबाचा पाला चावावा तसं कडू. खोबरं नाही, लसूण नाही, तानी कुठंच नाही. त्यानं लेकाकडं बघितलं. पोरगं खाली मान घालून पेला पुन्हा तोंडाला लावत होतं. ज्या एका चवीसाठी ते समुद्रापलीकडनं आलं होतं, ती संपली होती. आणि बापाला वाईट वाटू नये म्हणून ते असलं जहर गिळत होतं.

सयाजीनं त्याच्या हातातला पेला काढून घेतला.

"नको पिऊस, लेकरा," तो ढसाढसा रडायला लागला. "येळेवर गाळली असती तर तुला घावली असती रं तुझी आई. मलाच तिला सोडवंना झालं."