न लिहिलेलं वजन

कॉकपिटमध्ये बसले की कॅप्टन आधी कागदासाठी हात पुढे करायचे आणि विचारायचे, "काय हो, आज औषध भरलं का?"

माझं काम विमानाच्या वजनाचा कागद करण्याचं. प्रवासी, सामान, इंधन, सगळं लिहून निघण्यापूर्वी कॅप्टनची सही घ्यायची. विमानामागची पांढरी रेघ तुम्हीही पाहिली असेल. ती वाफ असते. पण ती विषाची फवारणी आहे असे व्हिडिओ फोनवर फिरतात आणि आमचे पायलट त्यावर पोट धरून हसतात. मी म्हणायचो, "भरलं. पुणेकरांना आज झोपेचं, दुपारी एक ते चार."

"त्यांच्यावर कशाला वाया घालवता?" म्हणत ते सही ठोकायचे.

हीच थट्टा त्यांनी एकदा धायरीला घरी केली. थोरल्या भावाने जमीन विकून यांना पायलट केलं होतं. जेवताना दादांनी तसला व्हिडिओ दाखवला, तर हे म्हणाले, "दादा, बटण तर मीच दाबतो." सगळे हसले. दादा हसले नाहीत.

पुढे दादांना खोकला लागला. महिना झाला तरी हटेना, पण ते डॉक्टरकडे जाईनात. खोकला फवारणीचा, त्याला डॉक्टर काय करणार? कॅप्टनने हातापाया पडून सांगितलं, "दादा, मी थट्टा केली होती. नुसता एक्स-रे काढू."

"तवा खरं बोललास. थट्टा आता करतुयास."

विमानाचे फोटो दाखवावेत, तर आमची धावपट्टी हवाई दलाची, फोटोला बंदी. शेवटी कॅप्टन मला म्हणाले, "तुम्ही चला. विमानात काय चढतं ते तुम्हीच लिहिता. तुमचं तरी ऐकतील."

मी एक जुना कागद घेऊन गेलो. दादा सगळ्या खिडक्या लावून घामाघूम बसले होते. खोकत खोकत, बोट फिरवत त्यांनी ओळ न् ओळ वाचली.

"समदं हाय ह्यात?"

"सगळं."

"मग खाण्याचं कुठं हाय? ते बी चढतंच की."

"ते विमानाच्या मूळ वजनात धरतात, वेगळं लिहीत नाहीत," मी सांगून बसलो. खरं तेच सांगितलं, कप्पाळ माझं.

"म्हंजी न लिहिलेलं बी चढतं," दादा म्हणाले आणि कागद परत दिला.

जिन्यात कॅप्टन म्हणाले, "तुमची चूक नाही हो." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादांना दवाखान्यात नेलं ते शुद्ध हरपल्यावर. फार उशीर झाला होता. चौथ्या दिवशी ते गेले.

कॅप्टन कामावर परतले. मी कागद दिला, त्यांनी काही विचारलं नाही. शेजारच्या नव्या पायलटला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो हसत म्हणाला, "सर, आज औषध कोणतं?" कॅप्टन कागदावरून बोट फिरवत होते, अगदी दादांसारखं. मग मला म्हणाले, "खाणं किती किलो आहे?"

मला सांगता आलं नाही. त्यांनी सही केली.

आता ते निवृत्त झालेत. मी मात्र रोज खाण्याचं वजन विचारून घेतो आणि कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितो. नवे पायलट विचारतात, हे कशाला? मी म्हणतो, असू द्या, कुणी विचारलं तर.