डाव्या साइड लाइटवरचं नाव

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी वाचतो ते चुका काढायला. कुणी लिहिलं की दिवा आपोआप लागला, की मी मनात म्हणतो – आधी वायरिंग बघा. विट्यातल्या एका हायस्कूलच्या प्रयोगशाळेत मी नोकरी करतो आणि घरात माझी ख्याती संशयी माणूस म्हणून आहे. दूधवाल्यापासून मेहुण्यापर्यंत मी कुणालाच सोडलेलं नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच जरा अवघडल्यासारखं होतंय...

आमचे अब्बा बाजारात भांड्यांवर नावं घालून द्यायचे. हातात ते कुर्रकुर्र वाजणारं मशीन, समोर लग्नाच्या भांड्यांची चळत. त्यांचं अक्षर ठिपक्याठिपक्यांचं, आणि नाव संपलं की शेवटी तीन ठिपके, त्रिकोणात. ती त्यांची सही. घरात त्यांचा एक नियम होता – कुठलीही जोडी आली की एकावर माझं नाव, इकबाल, आणि दुसऱ्यावर धाकट्याचं, युनूस. ताटं, डबे, एकदा तर सायकलच्या दोन घंट्या. मग भांडणाचा विषयच नाही. अब्बांना जाऊन तीन वर्षं झाली.

गेल्या वर्षी आम्ही दोघा भावांनी मिळून जुनी गाडी घेतली. सोनं गाळायच्या धंद्यासाठी दूर समुद्रकाठच्या शहरात राहणाऱ्या एका गाववाल्याची होती. युनूसचं चपलांचं दुकान आहे, माल आणायला त्याला आठवड्यातून एकदा साताऱ्याला जावं लागतं. आता एक कबुली देतो. मालकानं किल्ल्या दोन दिल्या होत्या. मी युनूसला सांगितलं, एकच मिळाली, दुसरी त्यांच्याकडून हरवली. ती माझ्या कपाटात होती, कुलपात. का? तर किल्ली हातात आली की तो मला न विचारता गाडी नेईल, हा संशय. तो बिचारा दर वेळी माझ्या दारात येऊन किल्ली मागायचा आणि मी दहा प्रश्न विचारून द्यायचो.

पुढच्या मडगार्डवर दोन्ही बाजूंना छोटे साइड लाइट असतात ना, वळताना लुकलुकणारे... ते खाऱ्या हवेनं पिवळे पडून तडकले होते. गॅरेजवाला नवे म्हणून जुनेच बसवेल, म्हणून मी स्वतःच बसवायचं ठरवलं. रविवारी सकाळी अंगणात बसलो. स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळलं, लाइट पुढे सरकवून मागची कड उचकटली, होल्डर पाव फेरा फिरवून काढला आणि नव्या लाइटमध्ये बसवला. त्याआधी दोन्ही नव्या लाइटांच्या पाठीवर कंपासच्या टोकानं दोन आडव्या रेघा ओढल्या – कुणी बदलले तर कळावं म्हणून. दोन्ही छान लुकलुकले. मी दिवसभर खुशीत होतो.

गुरुवारी दुपारी युनूस साताऱ्याहून आला आणि सवयीनं मी गाडीभोवती चक्कर मारली. इंडिकेटर लावून बघितले, तर डावा साइड लाइट बंद. म्हटलं, कुठंतरी घासली असणार आणि गुपचूप दुसराच लाइट बसवून आणला असणार. काढून बघितला. माझ्या दोन रेघा जागेवर होत्या, म्हणजे लाइट तोच. आणि रेघांखाली, ठिपक्याठिपक्यांत – युनूस. शेवटी तीन ठिपके.

भीती नाही, आधी राग आला.

"नाव घालून आणलंस व्हय रं? गाडी तुझ्या एकट्याची हाय?"

"कसलं नाव, भाई?" युनूसनं लाइट हातात घेतला आणि बघतच राहिला. "मला ह्यो दिवा काढाय तरी येतोय का? आन् ह्ये तर... अब्बांचं हाय."

"अब्बांचं कसं असंल? कुणाकडनं तरी नक्कल करून घेतलीस."

"तुमी माझ्यावर कायम असाच संशय घेता." त्याचे डोळे भरले होते. "ऱ्हाऊ द्या. मला न्हाई चालवायची तुमची गाडी." तो डिकीतून चपलांची खोकी उतरवायला लागला.

अम्मी दारातून सगळं ऐकत होती. पुढं येऊन तिनं त्या नावावरून अंगठा फिरवला.

"उजवा काढलास का?" तिनं मला विचारलं. "काढ की. जोडीतल्या एकावरच नाव त्यांनी कवा घातलंय?"

उजवा काढला. दोन रेघा. खाली – इकबाल. तीन ठिपके.

मी सरळ माळ्यावर चढलो. अब्बांचं मशीन त्यांच्या टॉवेलात बांधलेलं, तीन वर्षांपूर्वी मीच मारलेली गाठ तशीच. सुई त्यांच्या आजारपणातच तुटली होती. ती तुटलेलीच होती.

खाली आलो तर अम्मी तिथंच उभी. सहज विचारावं तसं म्हणाली, "गाडीबरूबर आनि काय जोडीनं आलं हुतं रं?"

किल्लीचं तिला माहीत नव्हतं. मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

कपाट उघडलं आणि किल्ली आणून युनूसच्या हातावर ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून बघितली.

"ही हरवली हुती न्हवं, भाई?"

"न्हाई," मी म्हणालो. "मी दडवली हुती."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मान खाली घालून दोन्ही लाइट परत बसवले. युनूसनं त्याच्या किल्लीनं गाडी चालू केली, डावा इंडिकेटर दिला... लागला.

लूज कॉन्टॅक्ट असणार, मान्य. पण नावांचं काय? लाइट विकणारा दुकानदार, युनूस, अम्मी, झोपेत चालणारा मी – सगळ्यांवर संशय घेऊन झाला, एकही टिकत नाही. कुणाला काही सुचत असेल तर सांगा.

परवा युनूस मला न विचारता गाडी घेऊन साताऱ्याला गेला. परत आला तेव्हा मी गाडीभोवती चक्कर मारायला उठलो... आणि पुन्हा खाली बसलो.