नवा मॉनिटर आणि पुसलेलं गोंदण

आमच्या घरात सगळ्यांनी कचेरीत नोकऱ्या केल्या. मी एकटीनं पांढरकवड्यात फोटो स्टुडिओ टाकला, त्यामुळे मला सल्ला द्यायला अख्खं गाव मोकळं होतं. यंदा कॉम्प्युटर बदलू नकोस, असं झाडून सगळ्यांनी सांगितलं. कापसाची ती वाईट वर्षं होती. लग्नं पुढे ढकलली जात होती, अल्बमच्या ऑर्डरी आटल्या होत्या. जुने फोटो साफ करून मोठे करून देण्याचं काम तेवढं चालू होतं, आणि ते जुन्या मशीनवर रखडत होतं. म्हणून मी हट्टानं यवतमाळहून नवीन मशीन घेतलं, सोबत सपाट मॉनिटरही घेतला. जुना अवजड डबा टेबलावरून उतरवताना मला फार मिरवावंसं वाटलं.

पण पहिल्या दिवसापासून त्या पडद्यावर सगळं साय धरल्यासारखं दिसायचं. अक्षरांच्या कडा फुगलेल्या, चेहरे पिठूळ. यवतमाळच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, फ्लॅट मॉनिटर असाच रायते. डोयाले सवय होऊन जाईन." मीही शहाणी. सवय करून घेतली.

त्याच आठवड्यात जवळच्या तांड्यावरून एक बंजारा बाई आली. तिची आई महिन्यापूर्वी गेली होती. रुमालात गुंडाळलेला काडेपेटीएवढा फोटो तिनं माझ्यासमोर ठेवला.

"याडीचा एवढाच फोटो हाये," ती म्हणाली. याडी म्हणजे आई. "मोठा करून द्या. भितीले लावाचा हाये."

फोटोला बुरशी लागली होती. मी तो स्कॅन केला आणि दोन दिवस खपून स्वच्छ केला. चरे, डाग, हनुवटीवरची काळपट घाण, सगळं पुसलं. फ्रेम करून तिच्या हातात दिला आणि कौतुकाची वाट पाहत उभी राहिले.

तिनं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "हे माही याडी नाही."

माझं डोकं फिरलं. "काहून? तुमीच देलेला फोटो हाये ना हा?"

"तिचं गोंदण कुठं गेलं?" असं म्हणून तिनं स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं. तिथे पाच हिरवट ठिपके होते. फोटो द्यायला आली तेव्हा ती अर्धा तास माझ्यासमोर बसली होती आणि मला ते दिसलेही नव्हते. "चांदी आम्ही काढून ठेवली, कपडे वाटून टाकले. गोंदण तेवढं माणसासंगं जाते, बाई. तेच तुमी पुसलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. पुढच्या सोमवारी याल का, एवढंच मी कसंबसं विचारलं.

ती गेल्यावर माझ्याकडेच राहिलेला मूळ फोटो भिंगाखाली धरला. पाचही ठिपके तिथे होते. पडद्यावर त्यांचा मिळून एक डाग झाला होता, आणि मी त्या पडद्याच्या भरवशावर एका गेलेल्या बाईचं गोंदण खोडून बसले होते. आता या मॉनिटरचा निकाल लावल्याशिवाय कुणाच्याही चेहऱ्याला हात लावायचा नाही, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मॉनिटर चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि एसटीनं यवतमाळ गाठलं. कंडक्टरनं विचारलं, "ताई, टीव्ही बिघडला का?" मी म्हटलं, "नाही, डोये बिघडले."

दुकानदारानं तो स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडला, तर चित्र लख्ख!

"पाहा, मॉनिटर चांगला हाये," तो खुशीत म्हणाला. "तुमच्या मशीनीतच गडबड हाये."

"मशीनही तुमच्याच दुकानातली हाये," मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले. उठायचं नावच घेतलं नाही. एकेक सेटिंग उघडून दाखवायला लावलं, तेव्हा उलगडा झाला. या पडद्याला बाराशे ऐंशी बाय एक हजार चोवीस पिक्सेलचं चित्र लागत होतं. माझ्या मशीनच्या यादीत सगळ्यात वरचा आकडा एक हजार चोवीस बाय सातशे अडुसष्ट होता, हे मला आठवलं; ते तेवढंच चित्र पाठवत होतं, आणि पडदा ते ताणून स्वतःत बसवत होता. मोठा आकडा माझ्या मशीनवर निवडायची सोयच नव्हती, कारण डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्याचं चित्र सांभाळणारा प्रोग्राम, त्यात टाकलेलाच नव्हता.

"तेवढं राह्यलं असन," तो म्हणाला. "सीडी तुमच्या खोक्यातच हाये."

तेवढं! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही.

पांढरकवड्याला परतले तर भारनियमन. दुसऱ्या दिवशी तीनला वीज आली तशी सीडी लावली. दोनदा मध्येच अडकली. तिसऱ्यांदा पडदा काळा झाला, आणि मग चित्र उमटलं. अक्षरं बारीक, पण टोकदार. मूळ स्कॅन तसाच ठेवलेला होता. तो उघडला आणि हनुवटी मोठी केली. पाच ठिपके, सुटे सुटे. चौथा जरा तिरपा.

शिवाय खाली डावीकडे आणखी एक होता, तांबूस, कडा वेड्यावाकड्या. बाकीची बुरशी मी काढली, पण हा डाग आहे की गोंदण ते मला सांगता येईना. त्याला हात लावला नाही.

सोमवारी ती आली. मी तिला माझ्या खुर्चीवर बसवलं आणि पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "हे काय हाये?"

ती पुढे वाकली. पाच ठिपके एकेक करून मोजले आणि सहाव्याशी थांबली.

"हे गोंदण नाही," ती हळूच म्हणाली. "मी लहान होती. चुलीतलं जयतं लाकूड ओढलं, ठिणगी उडून तिले लागलती. लय दिवस जखम होती. मी तं विसरूनच गेलती."

"काढून टाकू?" माझा हात माउसकडे गेला.

तिनं माझं मनगट धरलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "ते माहं हाये."