गल्लीच्या मध्यावर थांबलेला सडा

न्यायालयाचा निकाल आला त्या दुपारी भूदेवीअक्का समोरच्या ओट्यावर विड्या वळत बसल्या होत्या. मांडीवर सूप, सुपातल्या तंबाखूचा कडसर वास, आणि मागच्या खोलीतून यंत्रमागांचा न थांबणारा खटखटाट... ती आमची शेवटची निवांत भेट ठरली.

सोलापूरच्या पूर्व भागातली आमची गल्ली इतकी अरुंद, की त्यांच्या घरी फोडणी पडली की ठसका मला लागे. मागच्या निवडणुकीत प्रभागाची सीमारेषा या गल्लीच्या मधोमध ओढली गेली. अक्कांचे दार एका प्रभागात, माझे दुसऱ्यात. कोपऱ्यावरचे तुंबलेले गटार तेव्हापासून कुणाचेच राहिले नाही. अलीकडचे नगरसेवक पलीकडे बोट दाखवत, पलीकडचे अलीकडे. यंदाही तीच रेषा कायम राहिली, तेव्हा गल्लीतल्या बायका न्यायालयात गेल्या. पहिली सही अक्कांची.

मी मोबाइलवरून निकाल वाचून दाखवला. गल्ली तोडणे अन्यायाचे होते, हे न्यायालयाला मान्य होते. मात्र निवडणूक जाहीर झालेली. म्हणून हे मतदान याच रेषेवर, दुरुस्ती पुढच्या वेळी.

"म्हंजे आपन जिकलो का हरलो, बाई?"

"जिंकलो, अक्का... पण पुढच्या खेपेला."

खोकला येईपर्यंत त्या हसल्या. "लगीन ठरलं म्हना की! नवरा तेवढा पाच वर्सांनी येनार." मग विडीला दोरा गुंडाळत हळूच म्हणाल्या, "तवर आमी हितं असाय पायजे न्हवं?"

मी मोबाइल बंद करून पालथा ठेवला.

तो खोकलाच त्यांना मतदानाआधी घेऊन गेला. मतदानाच्या सकाळी गल्लीतल्या बायका सवयीने एकत्र निघाल्या आणि कोपऱ्यावर दोन प्रभागांच्या दोन शाळांकडे पांगल्या.

माझा खांदा आखडल्यापासून अक्कांचा पहाटेचा सडा थेट माझ्या उंबऱ्यापर्यंत येई. "अक्का, तुमचा प्रभाग मागे संपला," मी चिडवायची. "पान्याला वाचाया येतंय व्हय?" त्या म्हणत, आणि ओल्या मातीचा गंध माझ्या घरात शिरे.

आता सडा त्यांची सून घालते. गुणी मुलगी आहे. पण नळाला पाणी रोज कुठे असते? तिची बादली गल्लीच्या मध्यावर संपते. मी दारात उभी असते, आखडलेला हात उचलू पाहते... आणि ऊन चढेपर्यंत ती रेषा रस्त्यावर स्वच्छ दिसत राहते. पलीकडे ओले, अलीकडे कोरडे.