परात वाजली की थांबायचं

इंग्रजी शब्द कुठून आले, याच्याशी मला काहीही देणंघेणं नाही. आले ना? मग आता त्यांनी गप्प बसावं. पण आमच्या घरात ते गप्प बसत नसत. आमचे हे रत्नागिरीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि त्यांना जुन्या इंग्रजीचं वेड लागलं होतं. (या वेडावर औषध नाही. मी चौकशी केली होती.) मी म्हणावं, "तेवढा नारळ सोलून द्या." यांनी म्हणावं, "विंडो म्हणजे मुळात वाऱ्याचा डोळा, माहीत आहे?" वाऱ्याचा डोळा सापडायचा, नारळ शेंडीसकट तिथेच.

ऐंशीच्या दशकातली, मे महिन्यातली गोष्ट. माझ्या नणंदेचं, सुधाचं, लग्न ठरत होतं. मुलगा शरद, मूळचा मंडणगडचा, मुंबईत नोकरीला. दोघं एकमेकांना भेटली होती, आवडली होती. राहिली होती ती फक्त मोठ्या माणसांची बैठक. त्या सकाळी सुधा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "वहिनी, दादाला आवरा. हे मोडलं तर मी पुन्हा कुणापुढे बसायची नाही." ती ओरडली असती तर मी दुर्लक्ष केलं असतं. ती हळू आवाजात बोलली, म्हणून घाबरले.

मला कामं पद्धतशीर लागतात. मी यादी केली होती: खुर्च्या, कोकम सरबत, आमरस, पुऱ्या, विडे, आणि सगळ्यांत शेवटी 'हे'. यांच्यासाठी मी खास व्यवस्था केली.

"तुम्ही शब्दांच्या वाटेला गेलात की मी आत परातीवर लाटणं मारीन. परात वाजली की थांबायचं. तिथल्या तिथे."

"आणि वाक्य अर्धं असलं तर?"

"अर्धं तर अर्धं."

(हे मी बोलले. मीच.)

पाहुणे आले. शरदची आई, मुख्याध्यापिका. नवऱ्याच्या मागे एकटीने मुलाला वाढवलेली. तिचे दीर, म्हणजे शरदचे काका, गावच्या दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष. आणि स्वतः शरद, खाली मान घालून. सरबत झालं, आंब्याच्या पिकाची चौकशी झाली. मी आत पुऱ्यांचं पीठ मळत होते आणि एकेक काम मनातल्या मनात खोडत होते. तेवढ्यात काका म्हणाले, "मास्तर, पोराच्या हापिसातल्या लोकांना इंग्रजी पत्रिका लागंल. ती तुमीच लिवा."

झालं. माझा हात लाटण्याकडे गेला.

"लिहितो की," हे खुलले. "गंमत बघा. ब्रायडल हा शब्द घ्या. जुन्या इंग्रजीत तो म्हणजे नवरीची बिअर. लग्न म्हटलं की सगळ्या गावाने पोटभर दारू प्यायची आणि—"

मी परात वाजवली. हे जागच्या जागी थांबले. इतका आज्ञाधारकपणा त्यांनी लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दाखवला.

काकांनी हातातलं कोकम सरबत हुंगून पाहिलं आणि खाली ठेवलं. "तुमच्याकडं हे... असलं चालतं?"

"छे, छे!" हे म्हणाले, आणि सावरायला मुख्याध्यापिकाबाईंकडे वळले. "तुमच्यासारख्या लेडीसमोर मी भलतंच बोलेन का? आता लेडी म्हणजे खरं तर पीठ मळणारी, आणि—"

पुन्हा परात.

"मी शाळा चालवते," बाई म्हणाल्या. उशिरा आलेल्या मुलाशी बोलावं तसा आवाज.

"वहिनी, वाजवू नका," सुधा माझ्या कानाशी कुजबुजली.

"मग बोलू देऊ का यांना?" मी तिच्यावरच डाफरले. संताप इतका झाला होता की पुऱ्या तेलाऐवजी माझ्यावर तळल्या असत्या तरी फुगल्या असत्या.

ताटं वाढली. वाटलं, तोंडात घास असला की माणूस गप्प बसतो. यांनी घास गालात सरकवला. "त्या लेडीचीच जोडी म्हणजे लॉर्ड. भाकरी राखणारा, घरधनी. आणि त्याच्या घरी बसून जे भाकरी खातात ते भाकरीखाऊ, म्हणजे नोकर, पण—"

मी जीव खाऊन लाटणं हाणलं.

बाहेर पाहुण्यांचे हात ताटातच थांबले. काकांनी मोडलेला पुरीचा तुकडा परत ताटात ठेवला. बाई पाटावरून उठत म्हणाल्या, "शरद, हात धू. निघू या." सुधा चुलीपाशी भिंतीला टेकून मटकन खाली बसली.

मग माझा तोल गेला. कोपरापर्यंत पीठ, हातात लाटणं, अशी मी बैठकीत जाऊन उभी राहिले. "अहो, माणसांना असं अर्धवट काय सांगता? वाक्य पुरं करा!"

"तूच म्हणालीस ना," हे दुखावल्या आवाजात म्हणाले, "परात वाजली की थांबायचं. अर्धं तर अर्धं."

बाईंनी लाटण्याकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं. "म्हणजे तो आवाज याचा होता? मला वाटलं, आत कुणीतरी सारखं पडतंय." मग त्या पुन्हा पाटावर बसल्या. "सांगा मास्तर. सगळी वाक्यं पुरी करा. पहिल्यापासून."

हे तोंडी परीक्षेला बसल्यासारखे उभे राहिले. "त्या शब्दातली दारू कधीच आटली, काका, आता नुसतं लग्न उरलंय. लेडी म्हणजे घराची मालकीण. तिच्या भाकरीवर सगळं घर जगायचं, म्हणून तो मान."

"आनि भाकरीखाऊ?" काकांनी विचारलं.

"तो शब्द मेला. मी उगाच उकरून काढला."

बाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. "भावोजी, आपल्या घरी अशी परात असती, तर तुमच्या निम्म्या भाषणांतून आम्ही वाचलो असतो."

"हां, आता माज्यावर नको," म्हणत काकांनी पुरीचा तुकडा पुन्हा उचलला.

"मुलगी पसंतच होती," बाई मला म्हणाल्या. "तिच्याबरोबर ही परातही पाठवा."

पाठवली. रुखवतात मधोमध मांडली, वर लाटणं आडवं. सुधाकडे ती अजून वाजते म्हणे, आणि तिचा संसार सुखाचा चाललाय.

आमच्याकडे परात नाही. हे रोज संध्याकाळी एकेक शब्द मुळापासून सांगतात, अगदी शेवटपर्यंत. मी उठायला लागले की म्हणतात, "बस ना. भर बैठकीत तूच सांगितलंस, वाक्य पुरं करा म्हणून."