थंड गाडीचा आवाज

आमच्या अप्पांच्या गाडीच्या वयाच्या बाकीच्या गाड्या केव्हाच भंगारात गेल्या. अप्पा मात्र तिला रोज सकाळी बाहेर काढतात, मला बसथांब्यावर सोडतात आणि तसेच पुढे केलगेरीच्या तळ्यावर जातात. मी धारवाडहून रोज हुबळीला जाते, तिथल्या विद्यानगरच्या एका कॉलेजात शिकवते. तळ्यावर अप्पांचे जुने सोबती जमतात, तास-दीड तास गप्पा होतात. आई गेल्यापासून माणसांत जायची त्यांची तेवढीच एक वेळ उरली आहे.

यंदा थंडी पडली आणि गाडी किल्ली फिरवताच किंचाळायला लागली. डुक्कर पकडल्यावर ओरडतं ना, तसं. आसपासची माणसं ब्रश तोंडात धरून गॅलरीत यायची आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. अप्पांना त्याचं काहीच नाही, कारण त्यांना फार कमी ऐकू येतं. "कुठं आवाज आहे? मस्त सुरू झाली की," असं म्हणून ते काच पुसत राहायचे.

मग सल्ले सुरू झाले. समोरचे वकीलकाका म्हणाले, बॅटरी गेली. शेजारच्या अक्कांचं ठाम मत, आत उंदीर शिरलाय. मी आपली फोनवर व्हिडिओ बघून बेअरिंगवर येऊन ठेपले, आणि तेही चुकीचंच होतं. गाडी गॅरेजला न्यावी तर तिथं पोचेपर्यंत इंजिन तापायचं आणि आवाज गायब. गॅरेजवाले अण्णा कन्नडमध्ये म्हणाले, "गाडी थंड असतानाच ओरडते ना, मग इथं मला कसं ऐकू येणार? सकाळी सुरू करताना फोनवर रेकॉर्ड करून आणा."

दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडून मी फोन इंजिनाजवळ धरला. अप्पा आत बसून किल्ली फिरवत होते. गाडी एका झटक्यात सुरू होईना, माझी बस चुकत होती, आणि वर गॅलरीत प्रेक्षक होतेच. शेवटी एकदाचा तो आवाज मिळाला, तशी मी वैतागत रेकॉर्डिंग थांबवलं, फोन पर्समध्ये टाकला, बॉनेट आपटलं आणि गाडीत बसले. रेकॉर्डिंग परत ऐकून बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

रविवारी आम्ही दोघं गॅरेजला गेलो. अण्णा काम करताना गाणी लावायचा एक स्पीकर ठेवतात, त्याला त्यांनी माझा फोन जोडला. "सर, तुम्हीपण ऐका की," म्हणत त्यांनी तो मोठ्या आवाजात अप्पांच्या कानाशीच धरला. चांगुलपणानंच. किंचाळी ऐकू आली आणि अप्पांचा चेहरा खुलला. "अगं, खरंच की. एवढी ओरडते?" ते हसले, आम्हीही हसलो.

किंचाळी संपली आणि माझा आवाज आला. "बंद पडू दे एकदाची ही गाडी. म्हणजे ह्यांचं रोजचं हिंडणं तरी थांबेल. सकाळ सकाळ डोक्याला ताप."

अप्पांसमोर असं पुटपुटायची मला सवयच लागली आहे. त्यांना ऐकू येत नाही म्हणजे ते तिथं नाहीतच, असं मी धरून चालते. रस्त्यावर कन्नड बोलायचं आणि तोंडातल्या तोंडात मराठीत वैतागायचं, म्हणजे बाहेरच्याला कळणार नाही, हाही आमच्या घरचा जुना गैरसमज. धारवाडात मराठी कुणाला कळत नाही? अण्णांनी चटकन स्पीकर बंद केला आणि बॉनेटखाली डोकं घातलं. बेल्ट झिजलाय, थंडीत घसरतो म्हणून ओरडतो, असं ते आतूनच सांगत राहिले. मला तिथून उठून कुठंतरी तोंड लपवावंसं वाटत होतं. अप्पांनी ह्या वयात गाडी चालवू नये, मला काळजी वाटते, असं मी चारचौघांत सांगते. काळजी असतेही. पण रेकॉर्डिंगमधल्या त्या बोलण्यात काळजी नव्हती, नुसता वैताग होता, आणि ते अप्पांना कळलं होतं.

बेल्ट बदलून झाल्यावर अप्पा ड्रायव्हरच्या दाराकडे गेलेच नाहीत. दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "तू चालव."

"अप्पा, मी रागात बोलून गेले," मी हळूच म्हणाले. त्यांना ते ऐकू आलं नाही. ऐकू जायचं तर ओरडून सांगायला हवं होतं, आणि अण्णांसमोर ओरडून माफी मागायची मला लाज वाटली. घरी आल्यावरही मी ती मागितली नाही.

सोमवारी गाडी पहिल्याच किल्लीला सुरू झाली, कसलाही आवाज न करता. मीच सुरू केली. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून कधीचे व्हरांड्यात बसले होते. मी काच खाली केली, तसे ते उठून जवळ आले आणि वाकून म्हणाले, "मला जरा केलगेरीला सोडशील? तुला वेळ असेल तर."